सैल झालेला सांधा

मोटारीची दुरुस्ती हा आमचा प्रांत नव्हे. ३४ वर्षे आम्ही शाळेत मराठी शिकवले. यंत्राशी आमचा संबंध भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली देण्यापलीकडे कधी गेला नाही. आमच्या दारात १९९६ सालापासून पांढरी मारुती ८०० उभी आहे खरी. पण तिच्या पोटात काय चालते ते आमच्या मिस्त्रींनाच ठाऊक. गाडी कुरकुरली की आम्ही ती त्यांच्या गॅरेजात नेऊन लावत असू आणि बाकावर बसून वर्तमानपत्र वाचत असू. काम झाले की ते हात पुसत म्हणत, "झाले, सर." काय झाले, हे आम्ही कधी विचारले नाही. शिकवण्याचा व्यवसाय करणाऱ्या माणसाला शिकून घेण्याची इतकी अनिच्छा असावी, याचे आज आम्हांला नवल वाटते.

मे २०२० मध्ये ते विचारण्याची वेळ आली.

त्या महिन्यातल्या परिस्थितीचे वर्णन करीत बसण्याचे कारण नाही. ती सर्वांनी भोगली आहे. आमच्या घरापुरते सांगायचे तर आमच्या पत्नीला त्याआधी दोन वर्षांपासून आठवड्यातून दोनदा डायलिसिस घ्यावे लागत होते. वसईतले ज्या ठिकाणी आम्ही जात असू, तेथे एक रुग्ण बाधित निघाल्याने ते केंद्र काही काळ बंद झाले आणि आम्हांला बोरिवलीची वेळ मिळाली. एरवी बोरिवली म्हणजे वसई रोड स्थानकातून अर्ध्या तासाच्या आतला लोकलचा प्रवास. पण २२ मार्चच्या मध्यरात्रीपासून लोकल बंद होत्या. आगगाडी खाडी ओलांडून सरळ भाईंदरला उतरते. रस्त्याला ती सोय नव्हती. आधी पूर्वेला अहमदाबाद महामार्ग गाठायचा, मग घोडबंदरजवळच्या वर्सोवा पुलावरून खाडी ओलांडायची आणि दक्षिणेला वळायचे, असा तो वळसा. पोलिसांची परवानगी होती. रुग्णवाहिका मिळत नव्हती. शेजाऱ्यांची गाडी मागावी, तर इस्पितळातून येणाऱ्या माणसाला गाडीत घेण्याचे भय त्या दिवसांत सर्वांनाच होते, आणि त्यात त्यांचा दोष नव्हता. तेव्हा आमची २४ वर्षांची मारुती आणि ६६ वर्षांचे आम्ही, एवढाच आधार उरला होता.

गाडीचे लक्षण बिघडले ते दुसऱ्या खेपेला. गतिरोधकावरून उतरताना पुढच्या डाव्या बाजूला 'टक्' असा आवाज येऊ लागला. मोकळ्या महामार्गावर गाडी आपल्या मनाने किंचित डावीकडे, किंचित उजवीकडे जाई आणि स्टिअरिंग थोडे फिरवले तरी काही घडत नसे. आणखी थोडे फिरवले की एकदम घडे. पुलावर हे जाणवले तेव्हा आम्ही वेग कमी केला आणि बोललो मात्र काही नाही. पत्नीच म्हणाली, "अहो, गाडी ऐकत नाही का तुमचे?"

मिस्त्री त्याच आठवड्यात श्रमिकांच्या रेल्वेने उत्तर प्रदेशातल्या आपल्या गावी पोहोचले होते. ३० वर्षे वसईत काढलेल्या त्या माणसाचे मराठी आमच्या काही विद्यार्थ्यांपेक्षा बरे होते. दूरध्वनीवर त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "सर, घरात दुसरे कोण आहे?" आम्ही म्हणालो, पत्नी. "मग दोघे मिळून बघा. हे एकट्याला कळत नाही."

त्यांनी सांगितले ते असे. इंजिन सुरू करायचे नाही. फक्त किल्ली फिरवून स्टिअरिंगची कडी मोकळी करायची. एकाने आत बसून चक्र अगदी थोडे डावी-उजवीकडे हलवत राहायचे. दुसऱ्याने जमिनीवर आडवे होऊन चाकाच्या मागे हात घालायचा आणि जेथे स्टिअरिंगची दांडी चाकाच्या भुजेला मिळते त्या सांध्यावर बोटे ठेवायची. दांडी आणि भुजा एकदमच हलली तर सांधा ठीक. दांडी आधी आणि भुजा मागाहून, असे झाले तर सांधा गेला.

पत्नी चालकाच्या जागी बसली. ती गाडी चालवत नाही. डावा हात तिला जपावा लागतो, कारण त्या हातात धमनी आणि शीर जोडून डायलिसिससाठी फिस्टुला केलेला आहे. तेव्हा तिने उजव्या हातानेच चक्र धरले. आम्ही अंगणात गोणपाट पसरून त्यावर आडवे झालो. "हलव," असे म्हटले आणि बोटांखाली ते स्पष्ट कळले. दांडी हले, मध्ये एक पोकळ क्षण जाई आणि मग भुजा हले. आवाजही लहानसा येई, सैल दातासारखा.

येथे एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. फिस्टुला चालू आहे की नाही हे पाहण्यासाठी रोज सकाळी आम्ही तिच्या मनगटावर हीच दोन बोटे ठेवत होतो. तेथे त्वचेखाली रक्ताची बारीक थरथर लागते. ती लागली नाही तर धावत डॉक्टरांकडे जायचे, अशी आम्हांला ताकीद होती. तेव्हा दोन वर्षे आमची बोटे हालचाल शोधायला शिकली होती. गाडीखाली मात्र हालचाल सापडली हेच वाईट होते.

उजवीकडचा सांधाही तपासला. तो नुकताच सैल होऊ लागला होता. "दोन्ही बदला," मिस्त्री म्हणाले. "डावा फार दिवस थांबणार नाही."

थांबला नाही तर काय, हे आम्ही या वेळी विचारले. उत्तर सरळ होते. या सांध्यात एक पोलादी गोळा असतो आणि तो एका वाटीत बसवलेला असतो. आपल्या खुब्याचे हाड जसे वाटीत फिरते, तसेच. वर रबराची टोपी आणि आत ग्रीस. टोपी फाटली की पावसाचे पाणी आणि रस्त्यावरची रेती आत जाते, ग्रीस धुऊन जाते आणि वाटी झिजत राहते. आमच्याकडच्या खाऱ्या हवेत आणि चार महिन्यांच्या चिखलात ती लवकर झिजते. फार झिजली की एखाद्या खड्ड्यात गोळा वाटीतून बाहेर येतो. मग स्टिअरिंग हातात राहते, पण ते चाक कोणाचेच राहत नाही. एक चाक आपण सांगू तिकडे आणि दुसरे त्याला वाटेल तिकडे.

'राष्ट्राचे सुकाणू' हा शब्दप्रयोग आम्ही विद्यार्थ्यांच्या निबंधांत किती वेळा वाचला आणि किती वेळा त्याला बरोबरची खूण केली, याची गणती नाही. सुकाणू आणि दिशा यांच्यामध्ये सुपारीएवढा एक गोळा असतो, हे आम्हांला वयाच्या ६६व्या वर्षी कळले.

नंतर वाचनात आले की या दांड्यांची युक्ती मोटारीच्याही आधीची आहे. आमच्या लहानपणी वाडीतला भाजीपाला स्टेशनावर नेणाऱ्या बैलगाडीला तिची गरज नव्हती. तिला दोनच चाके, आणि बैल वळले की गाडी वळली. अडचण चार चाकांच्या घोडागाडीची. तिचा पुढचा आख सबंधच मधल्या खिळ्याभोवती फिरे आणि जोराच्या वळणावर गाडी कलंडण्याचे भय असे. शिवाय वळताना आतले चाक लहान वर्तुळ काढते आणि बाहेरचे मोठे. तेव्हा दोघांनी सारखेच वळून चालत नाही. म्युनिक शहरातल्या लांकेनश्पेर्गर नावाच्या गाड्या बांधणाऱ्याने १८१७च्या सुमारास आख स्थिर ठेवून दोन्ही चाके आपापल्या खिळ्यावर वळवण्याची आणि त्यांना दांडीने जोडण्याची रचना केली. १८१८ साली लंडनमध्ये तिचे पेटंट घेतले ते रुडॉल्फ आकरमान या त्याच्या प्रतिनिधीने, आणि जगात ती रचना आकरमानच्या नावाने ओळखली जाते. ज्याने घडवले त्याचे नाव मागे राहावे, हे गॅरेजातही चालते आणि साहित्यातही. असो.

सुट्या भागांची दुकाने बंद होती. पण २०१८ साली मिस्त्रींनी, "सर, जोडी घेऊन ठेवा, पुढे अस्सल माल मिळणार नाही," असे म्हणून दोन खोकी आमच्या हवाली केली होती. मारुती ८०० चे उत्पादन २०१४च्या जानेवारीत थांबले होते, तेव्हा त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. खोकी कोठे ठेवली हे मात्र आठवेना. अर्धा दिवस शोधण्यात गेला. शेवटी ती माळ्यावर, नाताळच्या गोठ्याच्या सामानात, मेंढरांच्या खाली सापडली. प्रत्येक खोक्यात एक सांधा, एक खाचांची चाकी आणि केसांच्या आकड्यासारखी दोन पायांची एक कॉटर पिन.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे बोरिवलीच्या आदल्या दिवशी, सकाळी सातला काम सुरू केले. हातब्रेक ओढला, गाडी पहिल्या गिअरात ठेवली आणि मागच्या चाकांना लाकडाच्या पाचरी लावल्या. चाकाच्या चाक्या गाडी जमिनीवर असतानाच सैल करायच्या, हे आम्हांला सांगितले नसते तर आम्ही नक्कीच उलटे केले असते. वर उचललेले चाक पान्याबरोबर नुसते फिरत राहते. मग जॅक लावला. "नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली जायचे नाही, आणि खाली विटा किंवा चिरे रचायचे नाहीत," मिस्त्री दोनदा म्हणाले. "चिरा सांगून फुटत नाही, सर." आमच्या जुन्या घराच्या सागवानी तुळईचे तुकडे मागच्या पडवीत होते. ते आडवे-उभे रचून त्यांवर गाडीचा भार टेकवला. वडिलांनी ती तुळई पाडकामाच्या वेळी विकू दिली नव्हती आणि आम्ही तेव्हा त्यांच्याशी वाद घातला होता.

चाक निघाले आणि सांधा उजेडात आला. रबरी टोपी फाटून लोंबत होती. आत ग्रीसच्या जागी तांबडा चिखल होता. जुनी कॉटर पिन गंजून चाकीशी एकजीव झाली होती. तिचे पाय सरळ करता करता एक मोडला. रॉकेल टाकून तासभर थांबलो. चाकी शेवटी सुटली, पण सांधा सुटेना. गोळ्याचा दांडा निमुळता असतो आणि भुजेच्या भोकात इतका घट्ट रुतलेला असतो की चाकी काढली तरी तो हलत नाही. गॅरेजात त्याला काढण्याचे अवजार असते. आमच्याकडे दोन हातोडे होते.

हातोड्याने आम्ही जे पहिले केले ते चुकीचे होते. दांड्याच्याच टोकावर घाव घातले. मिस्त्रींना ते दूरध्वनीवर नुसत्या आवाजावरून कळले. "दांड्यावर नको! भोकाच्या बाजूवर मारा. एक हातोडा मागे टेकवून धरा, दुसऱ्याने समोरून." म्हणजे भुजेचे ते भोक क्षणभर दबते आणि निमुळता दांडा सुटतो. ऐकायला हे अंधश्रद्धेसारखे वाटले. सात-आठ घाव फुकट गेले. पुढच्या घावाला 'टण्' असा वेगळाच आवाज झाला आणि सांधा आपण होऊन खाली पडला. पत्नी ओट्यावर बसून पाहत होती. तिने टाळ्या वाजवल्या नाहीत, तिने विचारले, "आता पुढचे लिहून घेतलेत ना?"

लिहून घेतले होते. जुना सांधा दांडीवरून उलगडताना त्याचे फेरे मोजायचे होते, कारण नवा तितकेच फेरे घालून बसवला तरच चाकाची दिशा जवळपास पूर्वीसारखी राहते. आम्ही फिरवत होतो आणि ती मोजत होती. १६ पूर्ण आणि एक अर्धा. नवा बसवताना तिने पुन्हा मोजले आणि १५ वर आम्ही थांबलो, तेव्हा ती म्हणाली, "दीड राहिले." आमचा १६ झाल्याचा ठाम समज होता. तिचेच खरे होते.

चाकी पूर्ण आवळून झाल्यावर तिची खाच आणि दांड्याचे भोक जुळत नसेल, तर चाकी सैल करून जुळवायची नाही. आणखी आवळून पुढची खाच गाठायची. डावीकडे आम्ही हे अक्षरशः पाळले. पिन घातली, तिचे दोन पाय दोन दिशांना वळवले आणि तीन वेळा पाहिले. उजवीकडचे काम मात्र पाऊण तासात झाले. हात बसला होता. दुसऱ्याच घावाला सांधा सुटला. आम्ही एखाद्या जुन्या कारागिरासारखे शीळ घालत होतो, असे पत्नीचे म्हणणे आहे. आम्हांला ते आठवत नाही.

दुपारी चाकांची दिशा मोजली. त्यासाठीही यंत्र असते, आणि तेही बंद होते. मिस्त्रींनी फीत लावण्याची जुनी रीत सांगितली. दोन्ही पुढच्या टायरांच्या मधल्या रेषांतले अंतर आधी पुढून मोजायचे, मग तितक्याच उंचीवर मागून. पुढचे माप मागच्याइतके किंवा केसभर कमी हवे. आमचे ९ मिलिमीटरने जास्त भरले. म्हणजे चाके बदकाच्या पायांसारखी बाहेर पाहत होती. दोन्हीकडे अर्धा-अर्धा फेरा आत घेत, गाडी ढकलून पुढे-मागे करीत आणि पुन्हा फीत धरीत संध्याकाळ झाली. शेवटी २ मिलिमीटर कमी भरले, आणि दोन्हीकडच्या रोधक चाक्या आवळून आम्ही थांबलो. फितीचे एक टोक सर्व वेळ तिच्या उजव्या हातात होते.

रात्री ११च्या सुमारास अवजारे आवरताना बिस्किटांचा पत्र्याचा डबा उपडा केला. त्यातून दोन गंजक्या चाक्या पडल्या, एक सबंध आणि एक मोडकी अशा दोन जुन्या पिना पडल्या, आणि एक नवी कोरी पिन पडली.

ती हातात घेऊन आम्ही किती वेळ उभे राहिलो ते सांगता येणार नाही. खोक्यात एक-एकच पिन होती, तेव्हा हिशेबाला दुसरा अर्थ नव्हता. सकाळी सहाला निघायचे होते. पिन नसती तर चाकी लगेच सुटली असती असे नव्हे. कदाचित दहा खेपा काही झाले नसते. पण महामार्गाच्या हादऱ्यांनी ती एक एक धागा मागे आली असती आणि कोणत्या पुलावर निघाली असती, हे आम्हांला आधी कळण्याचा मार्ग नव्हता.

विजेरी घेऊन आवाज न करता बाहेर पडलो. सांगावे की सांगू नये, हा विचार मनात आला नाही असे लिहिले तर ते खोटे होईल. चुपचाप पिन लावून झोपलो असतो तर कोणालाच काही कळले नसते. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवले की चाक न काढताही मागून सांधा दिसतो. डावीकडची पिन जागेवर होती. उजवीकडचे भोक रिकामे होते. भीत भीत केलेल्या कामात चूक नव्हती. शीळ घालत केलेल्या कामात होती.

"काय विसरलात?" पत्नी दारात उभी होती.

आम्ही सांगितले. तिने थोडा वेळ काही म्हटले नाही. मग पायरी उतरून आली, खाली स्टूल ओढून घेतले आणि विजेरी मागितली. आम्ही पालथे पडून एका हाताने चाचपत, दुसऱ्या हाताने पिन सरकवण्याचा प्रयत्न करीत होतो. पुढून जागा मिळेना, म्हणून ती मागच्या बाजूने घातली. विजेरीचा झोत अजिबात हलला नाही. पिनेचे पाय वळवून झाल्यावर ती म्हणाली, "आता डावीकडची मला दाखवा." तिला वाकणे कठीण होते, तरी तिने पाहिली. मग आम्ही उजवीकडची पुन्हा पाहिली.

सकाळी पुलावर आम्ही ताशी ४०च्या वर गेलो नाही. गाडी ऐकत होती. फक्त सरळ जाताना स्टिअरिंगच्या मधले चिन्ह किंचित डावीकडे कलत होते. फितीच्या मापाने यापेक्षा अधिक होत नाही. पत्नीचे पहिले अर्धे अंतर त्या चिन्हाकडेच लक्ष होते. नंतर तिने डोळे मिटले आणि बोरिवली येईपर्यंत उघडले नाहीत. जुलैत वसईचे केंद्र पुन्हा सुरू होईपर्यंत आमच्या बऱ्याच खेपा झाल्या.

मिस्त्री नोव्हेंबरात परतले. आल्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे आले आणि चहाच्या आधीच गाडीखाली शिरले. आम्ही चालकाच्या जागी बसून चक्र हलवत होतो. या खेपेला बाकावरचे वर्तमानपत्र नव्हते. बराच वेळ खालून शब्द आला नाही. मग ते बाहेर आले आणि हात पुसत म्हणाले, "उजवीकडची पिन उलट्या बाजूने घातली आहे, सर."

"बदलायची का?"

त्यांनी पुन्हा एकदा वाकून पाहिले. "नको," ते म्हणाले, "घट्ट आहे." आणि पत्नीने चहा आणला होता, तो घ्यायला ते ओट्यावर बसले.